रॅन्समवेअर आणि शाळांचे दफ्तर (इंदूर)

रॅन्समवेअर : संगणकातील धारिका दुर्भेद्य कूटलिपीत कोंडून त्यांच्या मुक्ततेसाठी खंडणी मागणारी आज्ञावली. १९८९ साली एड्सविषयक माहितीच्या फ्लॉपींतून तिचा पहिला ज्ञात अवतार टपालाने पसरला. आज एखादा फसवा ईमेल, चोरलेला पासवर्ड किंवा सुधारणांविना राहिलेली जुनी प्रणाली एवढे निमित्त तिला पुरते. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशाच्या ई-नगरपालिका व्यवस्थेवर सायबर हल्ला होऊन राज्यातील चारशेवर नगरसंस्थांची ऑनलाइन कामे खोळंबली, तेव्हा हे संकट इंदूरच्या उंबरठ्याशी आले होते.

होळकरांच्या या नगरीतील शाळांत प्रवेशाची नोंद, फीचा जमाखर्च, गुणपत्रके आणि विद्यार्थ्यांचे ‘समग्र आयडी’ (मध्य प्रदेश शासनाचे ओळखक्रमांक) पुष्कळदा कचेरीतल्या एकाच संगणकावर साठलेले असतात. म्हणून दफ्तराची नक्कल राखणे हाच खरा बंदोबस्त होय. परंतु ज्या हार्ड डिस्कवर ती नक्कल उतरवली, तीच रात्रंदिवस संगणकाला जोडून ठेवणे म्हणजे पेटीची दुसरी किल्ली पेटीतच ठेवणे आहे, कारण आज्ञावली जोडलेली प्रत्येक डिस्क धुंडाळते. तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत शाळेबाहेर, ही रूढ तजवीज असून तीतून दफ्तर खरोखर परत उभे राहते की नाही हे वर्षातून एक-दोनदा पडताळावे. दुर्दैवाने याच कामाची सर्वाधिक हेळसांड होते.

एखाद्या सकाळी धारिकांच्या नावांना अपरिचित शेपटे जडलेली आणि प्रत्येक फोल्डरात खंडणीची चिठ्ठी आढळली, तर प्रथम नेटवर्कची केबल काढावी. डिस्क मात्र पुसू नये, कारण पुरावा तिच्यातच असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची वर्दी, त्या लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला द्यावयाची असते. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० हा मदत-क्रमांक आहे. खंडणी देऊ नये. अमेरिकेतील पॉवरस्कूल या शालेय माहितीसंस्थेने डिसेंबर २०२४ मधील चोरीनंतर पैसे मोजले, तरी मे २०२५ मध्ये त्याच माहितीच्या जोरावर तेथील शाळांना पुन्हा धमक्या आल्या. उलट लॉस एंजेलिसच्या शालेय मंडळाने २०२२ मधील हल्ल्यानंतर खंडणीस नकार दिला. चोरलेली माहिती उघड झाली, तरी शाळा सुरू राहिल्या.

पुनःस्थापनेत यंत्रे नव्याने सिद्ध करून, सर्व पासवर्ड बदलून, मगच नक्कल उतरवावी आणि प्रत्येक नोंदीची कागदी प्रवेश-रजिस्टराशी रुजुवात घ्यावी. विशेषतः जन्मतारखेची, कारण तेथे चुकलेला एक आकडा शाळा सोडल्याच्या दाखल्यातून पुढील प्रत्येक कागदावर मुलाच्या मागे लागतो.