फारखत

पेन्शनच्या कागदांत नवरा-बायकोचा जोडफोटो लागतो. टपाल खात्यात पेन्शनच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली. असे किती फोटो चिकटवले याची गणती नाही. स्टुडिओतला निळा पडदा, दोघांच्या खांद्यांत वीतभर अंतर, आणि दोघंही कॅमेऱ्याकडे असं बघताहेत की त्याच्याकडूनच थकबाकी यायची आहे.

2005 साली आमच्यातलेच एक सॉर्टिंग असिस्टंट निवृत्त व्हायला आले. फोटो दिला आणि हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, पोरांची लग्नं झाली. आता आम्ही वेगळं व्हायचं म्हणतोय. घटस्फोट झाला तर माझ्या मागं हिला काय मिळेल?” वहिनी शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, “काही नाही.”

हे उत्तर मलाच पुढे बरीच वर्षं टोचत राहिलं. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा या ‘काही नाही’ची मुळं शोधत गेलो. पहिलं मूळ शब्दातच सापडलं. ज्याला आपण फारकत म्हणतो ती जुन्या कागदांत ‘फारखत’ असते, म्हणजे मोकळं केल्याचा लेख. सावकाराचं देणं फिटलं की त्याने लिहून द्यायची ती फारखत, आणि नवऱ्याने बायकोला लिहून द्यायची तीही फारखत. आमच्यासारख्या कारकुनाला हे पटकन पटतं: येणं-देणं मिटल्याशिवाय मोकळीक कसली?

गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे रीतिरिवाज विचारून घेतले, त्याचं पुस्तक 1827 साली निघालं. ब्राह्मणांत सुटकेची सोय नव्हती, इतर अनेक जातींत मात्र सोडचिठ्ठी होती, काडीमोड होती, आणि पुढे पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावता येई. त्या पंचायतींचं मला कौतुक नाही. दंड पंच घेत आणि बोलणी पुरुष करत. पण हिशेब चारचौघांत होई, एवढं खरं.

मग कोर्टं आली. 1876 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगून टाकलं की लग्न रद्द ठरवायचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही. जुनं दार असं अर्धं लागलं आणि नवं अजून बसवायचं होतं. रखमाबाईंचा खटला याच काळातला. न नांदता तुरुंग पत्करीन म्हणणाऱ्या त्या बाईचं प्रकरण 1888 मध्ये तडजोडीने मिटलं, नवऱ्याला, म्हणजे दादाजींना, दोन हजार रुपये मिळाले. म्हणजे ज्या फारखतीची एवढी चर्चा झाली, तिचे पैसे बाईच्या बाजूने गेले!

नवं दार बसायला 1947 उजाडलं. त्या साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, 1955 मध्ये देशभराचा हिंदू विवाह कायदा आला, 1976 मध्ये त्यात परस्परसंमतीचं कलम घातलं गेलं. आमचे सॉर्टिंग असिस्टंट जाणार होते ते याच कलमाने.

लग्न मोडायची वाट अशी रुंद होत गेली, पेन्शनचं खातं मात्र आपल्याच चालीने चाललं. 1871चा पेन्शन कायदा सांगतो की सरकारी पेन्शनवर जप्ती येणार नाही. हेतू चांगला, म्हाताऱ्याच्या ताटात सावकाराने हात घालू नये. पण पोटगी थकलेली बायको ही सावकार आहे का? नाही, तिच्यासाठी पेन्शन जप्त होऊ शकतं, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं ते 2019 साली. कुटुंब निवृत्तिवेतनाची आजची योजना 1 जानेवारी 1964 पासूनची. ती बेतली विधवेच्या मापाने. पुढे 2004 मध्ये पंचविशी ओलांडलेल्या घटस्फोटित मुलीलाही अटींवर त्यात जागा मिळाली. त्या परिपत्रकाची फाइल मीच लावली होती. बापाच्या पेन्शनवर घटस्फोटित लेकीचा हक्क, पण नवऱ्याच्या पेन्शनवर घटस्फोटित बायकोचा नाही. तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

घराचंही तसंच. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासूनचा दिवाणी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची, आणि सुटताना निम्मी-निम्मी. आपल्याकडे ज्याच्या नावावर कागद त्याचं घर. बायकोला स्त्रीधन आणि हिंदू विवाह कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखालची कायमची पोटगी. ती रक्कम नवऱ्याच्या घरावर बोजा म्हणून चढवता येते, ही फार उपयोगाची तरतूद आहे. पण मागेल तिलाच. आणि निवृत्तीच्या सुमाराला कितीतरी जण पेन्शन विकतात, म्हणजे चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी उचलतात. तो भाग पूर्ववत व्हायला पंधरा वर्षं लागतात. पोटगीचा आकडा त्या उचलीआधी ठरला की नंतर, याने बाईच्या महिन्याच्या किराण्यात फरक पडतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका 89 वर्षांच्या निवृत्त हवाई दल अधिकाऱ्याला घटस्फोट नाकारला. त्यांच्या 82 वर्षांच्या पत्नीला घटस्फोटिता म्हणून मरायचं नव्हतं. लोक तिच्या हळवेपणाबद्दल बोलत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आधी नियमांतली ‘कुटुंबा’ची व्याख्या आली. सवय.

त्या व्याख्येतच एक फट आहे. न्यायिक विभक्तता घेतलेली बायको कुटुंबात धरली जाते, फक्त तो हुकूम तिच्या व्यभिचाराच्या कारणावरून झालेला नसावा. 2005 साली ‘काही नाही’ म्हटल्यावर मी घरी गेलो, जेवलो, आणि झोप लागेना. सकाळी नियमांचं पुस्तक पुन्हा उघडलं, त्यांना बोलावून हे सांगितलं आणि वर बजावलं, “वकिलाला विचारा, मी कारकून आहे.” त्यांनी विचारलं असावं. वर्षभराने विभक्ततेच्या हुकमाची प्रत माझ्याकडे आली. पुढे दोघं वेगळ्या गावी राहिले, आणि दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला एकटेच येत.

माझी निवृत्ती चार महिन्यांवर असताना वहिनी त्यांच्या मृत्यूचा दाखला घेऊन आल्या. मी पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, आमच्याकडची प्रत काढली, फोटो ताडून पाहिला, शेवटच्या पगाराच्या तीस टक्क्यांचा हिशेब मांडला, सह्या घेतल्या. जाताना त्यांनी तो फोटो मागितला. कार्यालयाची प्रत देता येत नाही म्हणून मी झेरॉक्स काढून दिली. त्यांनी ती हातभर लांब धरून पाहिली.

“माझं पातळ छान आलंय ह्यात,” म्हणाल्या.