‘व्हर्नाक्युलर’ ते ‘अभिजात’

मुंबईच्या इंग्रजी वळणाच्या कॉलेजांत मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ‘व्हर्नॅक’ म्हणून हिणवलं जाई. इंग्रजी बोलताना अडखळणारा, राहणीत गावाकडचा, असा त्याचा अर्थ. ‘व्हर्नाक्युलर’ या विशेषणाचं हे तोडलेलं रूप. कोशात पाहिलं तर अर्थ साधा आहे : देशी, लोकांच्या रोजच्या बोलण्यातली. मग त्यात तुच्छता कुठून आली?

लॅटिनमध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे धन्याच्या घरातच जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘व्हर्नाक्युलर’ म्हणजे घरचं, इथलं. रोमन पंडित वारो अस्सल लॅटिन शब्दांना हेच विशेषण लावतो. त्यात निंदा नाही. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला, तेव्हा विद्वानांच्या लॅटिनपुढे खुद्द इंग्रजीच ‘व्हर्नाक्युलर’ होती!

हिंदुस्थानात मात्र इंग्रजी धनीण झाली आणि आपल्या भाषा ‘व्हर्नाक्युलर’ ठरल्या. १४ मार्च १८७८ रोजी लॉर्ड लिटनच्या सरकारनं ‘व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट’ आणला. देशी भाषेतल्या पत्राच्या मुद्रकाकडून जामीन घ्यावा, छापखाना जप्त करावा, आणि त्यावर कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना यातलं काहीच लागू नव्हतं. कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ त्यामुळं रातोरात इंग्रजीत निघू लागली. गुन्हा मजकुराचा नव्हे, भाषेचा होता.

पण हाच शब्द आपल्या खेड्यांत मानाचाही झाला. सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ पास झालेला माणूस गुरुजी होई, तलाठी होई. गावात ‘फायनल झालेला’ एवढं सांगितलं की पुरे. म्हणजे खोट शब्दात नव्हती, उच्चारणाऱ्याच्या नजरेत होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ‘अभिजात’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. गंमत पाहा, दोन्ही शब्द जन्माचेच : एक गुलामाच्या, दुसरा कुलवंताच्या. भाषा तीच, ज्ञानोबा-तुकोबांची.

आमच्या वणीच्या बाजारात मराठीबरोबर कोकणा आणि अहिराणी ऐकू येते. माझ्या घरात दखनीही बोलली जाते आणि कविता मी मराठीत लिहितो. कोकणा बोलणारं पोर शाळेत तोंड उघडतं तेव्हा वर्गात हसू पिकतं. ते हसू आणि त्या कॉलेजातलं ‘व्हर्नॅक’ यांत मला फरक दिसत नाही. मराठी आता अभिजात झाली. तिनं धनीण होऊ नये, एवढंच मागणं आहे.