कुंपण, खटका आणि कुलूप : कारखाना-कायद्यातील एका उपेक्षित प्रश्नाचा इतिहास

कारखान्यांविषयीच्या कायद्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा कामाचे तास, मुलांचे वय आणि नुकसानभरपाई या सूत्रांनी सांगितला जातो. यंत्रांसंबंधीची कलमे केवळ तांत्रिक समजून अभ्यासक ती ओलांडून पुढे जातात. वस्तुतः याच कलमांत एक मूलगामी प्रश्न दडलेला आहे : चालू यंत्र थांबविण्याचे साधन कोणाच्या हाताशी असावे, आणि यंत्रात हात घालणाऱ्या मनुष्याला ते पुन्हा सुरू होणार नाही अशी हमी कोणी द्यावी? मुंबईच्या कापडगिरण्यांपासून आरंभ करून या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ साली सुरू झाली. त्या काळच्या गिरणीत वाफेच्या इंजिनाची गती छताखालून फिरणाऱ्या लांब दांड्यांवर येई आणि तेथून चामडी पट्ट्यांनी प्रत्येक साच्यावर उतरे. साच्याला दोन कप्प्या असत. एक दांड्याशी घट्ट बसविलेली, तर दुसरी नुसतीच सैल फिरणारी. पट्टा घट्ट कप्पीवरून सैल कप्पीवर सरकविला की साचा थांबे. परंतु दांडा फिरतच असल्याने पट्टा आपोआप पुन्हा घट्ट कप्पीकडे सरकण्याचा धोका राही, आणि तसे झाले की थांबलेला साचा कोणाच्याही आज्ञेवाचून चालू होई. सर्वच यंत्रे एकदम थांबवावयाची तर इंजिनघरापर्यंत निरोप पोहोचणे आवश्यक होते, आणि खात्याच्या गडगडाटात एका मनुष्याची हाक तेथवर जाणे कठीण होते.

या धोक्यावर कायद्याने शोधलेला पहिला उपाय म्हणजे कुंपण. इंग्लंडमधील १८४४ च्या कायद्याने यंत्रांच्या धोकादायक भागांस कुंपण घालणे बंधनकारक केले, आणि चालू दांडे-चक्रे मुलांकडून व अल्पवयीनांकडून साफ करवून घेण्यास मनाई केली. मुंबईत १८७५ साली कारखाना-आयोग नेमला गेला व पुढे १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना-कायदा झाला. शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. कुंपणाचे तत्त्व त्यात आले. तथापि कुंपणाची मर्यादा उघड आहे. बाहेरून जाणाऱ्याचे ते रक्षण करते. ज्याला तेल घालण्यासाठी, तुटलेला पट्टा जोडण्यासाठी वा अडकलेला कापूस काढण्यासाठी आत जावयाचे आहे, त्याला ते प्रथम दूर सारावे लागते.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कार्याकडे नव्या दृष्टीने पाहता येईल. १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने कामगारांनी सादर केलेल्या मागण्यांत रविवारची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे पंगुत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशीही मागणी होती. जून १८९० मध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. या मागण्या एकमेकींपासून अलग मानू नयेत. साचे पुसण्यासाठी सुट्टीच्या दिवशीही कामगारांना बोलाविण्याची चाल होती. यंत्राची देखभाल एक तर चालू यंत्रावर करावयाची किंवा कामगाराच्या विश्रांतीतून काढावयाची, असा तो हिशेब होता. यंत्र थांबविण्याची किंमत मालकाने देण्याऐवजी ती श्रमिकाच्या शरीरातून अथवा त्याच्या वेळातून वसूल होत होती. जखमीच्या भरपाईचे तत्त्व कायद्यात येण्यास १९२३ साल उजाडले.

स्वातंत्र्योत्तर १९४८ च्या कारखाना-अधिनियमात मात्र थांबविण्याच्या साधनास स्वतंत्र स्थान मिळाले. पट्टा घट्ट कप्पीवर परत सरकू नये अशी योजना कलम २४ ने आवश्यक ठरविली, आणि आणीबाणीच्या प्रसंगी प्रत्येक कामाच्या दालनातूनच शक्तिपुरवठा तोडता यावा असेही सांगितले. जुन्या कारखान्यांपैकी विजेवर चालणाऱ्या दालनांपुरतेच हे बंधन होते, ही सवलतही ध्यानात घ्यावयास हवी. कलम २२ अन्वये चालू यंत्राची तपासणी करावीच लागली, तर ती विशेष शिक्षण घेतलेल्या, नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावयाची होती. ते कपडे पुरविण्याची जबाबदारी कारखानदारावर होती. म्हणजे चालू यंत्रात हात घालण्याची गरज कायद्याने गृहीतच धरली होती. तिला केवळ मर्यादा घातल्या होत्या.

पुढची पायरी १९७६ च्या दुरुस्तीने गाठली. शक्ती तोडण्याचे जे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’कडे सरकू शकते, ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असलीच पाहिजे, असा नियम कलम २४ मध्ये आला. सैल कप्पीवरून सरकणाऱ्या पट्ट्याचा जुनाच धोका विजेच्या खटक्याच्या रूपाने येथे ओळखला गेला. अमेरिकेत १९८९ साली निघालेल्या नियमांनी हे तत्त्व अधिक काटेकोर केले. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने आपले कुलूप स्वतः लावावे व स्वतःच काढावे, दाबलेली हवा वा ताणलेली स्प्रिंग यांत साठलेली शक्ती मोकळी करावी, आणि यंत्र खरोखर निर्जीव झाले आहे की नाही हे पडताळूनच काम आरंभावे, असा तो क्रम आहे. आपल्या कामगार-इतिहासात ‘टाळेबंदी’ म्हणजे मालकाने फाटकाला लावलेले टाळे. येथे टाळे लावणारा हात श्रमिकाचा आहे.

स्वयंचलित यंत्रांच्या काळात या क्रमाचे महत्त्व वाढले आहे. जुन्या साच्याचा पट्टा कोणत्या कप्पीवर आहे हे डोळ्यांना दिसे. स्वयंचलित यंत्र स्तब्ध असते तेव्हा ते बंद आहे की पुढील संकेताची वाट पाहत आहे, हे नुसत्या पाहण्याने कळत नाही. आणीबाणीचा खटका गती थांबवितो. शक्तीचा प्रत्येक स्रोत तोडल्याची हमी तो देत नाही. म्हणून खटका अपघात टाळण्यासाठी आणि कुलूप दुरुस्तीसाठी, हा भेद सांभाळावा लागतो.

१९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षाविषयक २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जे तपशील पूर्वी अधिनियमाच्या कलमांत होते, ते आता मुख्यतः नियमांत व मानकांत येणार. नियम बदलणे कायदा बदलण्याहून सोपे असते. यास्तव अभ्यासकांनी केवळ संहितेच्या कलमांवर न थांबता नियमांचा मजकूरही तपासावा. कुंपणापासून कुलुपापर्यंत येण्यास १८४४ ते १९७६ एवढा काळ लागला. आत हात घालणाऱ्याच्या खिशात किल्ली आहे की नाही, हीच त्या नियमांची कसोटी ठरावी.