माणशी डिझेल : परभणीतल्या मोठ्या गाडीचा हिशेब

सप्टेंबर २०१८मध्ये परभणीचे नाव बरेच दिवस बातम्यांत होते. कारण दुष्काळ नव्हते, निवडणूक नव्हती. पेट्रोल नव्वद रुपये लिटरच्या उंबरठ्यावर आले होते आणि राज्यातला सर्वांत चढा दर परभणीच्या पंपावर होता. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपल्याकडचे जुने वाक्य तेव्हा लोकांनी पंपावर रांगेत उभे राहून नव्या अर्थाने म्हणून घेतले. पुढे २०२१च्या फेब्रुवारीत राजस्थानातल्या श्रीगंगानगरने शंभरी आधी गाठून हा मान हिसकावला. परभणीने २०२२च्या एप्रिलमध्ये १२०चा आकडाही मागे टाकला.

याच शहरात वसमत रस्त्यावर किंवा जिंतूर नाक्यावर तासभर उभे राहिले, तर स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा यांची रीघ दिसते. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, इंधन एवढे महाग आणि गाड्या एवढ्या मोठ्या कशा? ‘मिरवायची हौस’ हे उत्तर सोपे आहे, आणि अर्धे खरेही आहे. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांचा हिशेब मांडला तर दुसरे एक उत्तर हाती लागते. इथल्या माणसाने मोठ्या गाडीचा खर्च फार काळ किलोमीटरमागे मोजलाच नाही, माणसामागे मोजला. हा भागाकार जोवर जमत होता, तोवर मोठी गाडी स्वस्त होती.

मोटारीच्या आधी सुखाने बसून जायचे वाहन म्हणजे दमणी. हलकी, छप्पर घातलेली, आत गादी किंवा कडब्यावर घोंगडे. ती ठेवणे म्हणजे धावणारी बैलजोडी ठेवणे. आणि बैल उभा असला तरी खातो. सरकी-पेंड रोज लागते, मग महिन्यात एकदाच पाहुणे आणायचे असोत. मोटार उभी असताना काही खात नाही, हा शेतकऱ्याला तिचा पहिला गुण वाटला असला पाहिजे. (बँकेचा हप्ता उभ्या गाडीतही खातो, हे त्याला नंतर कळले.) या गुणाचा कळस निजामाच्या घरी पाहायला मिळतो. १९१२ची पिवळी रोल्स-रॉइस, आत सिंहासनासारखी बैठक. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती आजही आहे आणि आयुष्यात ती फारच थोडी चालली. पेट्रोलची बचत म्हणावी तर ही अशी!

निजामाच्या प्रजेची सोय वेगळी झाली. १९३२ साली संस्थानाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. देशातल्या अशा पहिल्या प्रयत्नांत तिची गणना होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि देशभर बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या. म्हणजे इंधन आणि प्रवास यांची ओढाताण इथे मोटारीइतकीच जुनी आहे.

खासगी मोठी गाडी जिल्ह्याला माहीत झाली ती मात्र सरकारी जीपमुळे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने विलीस जीप मुंबईत जुळवायला घेतली, आणि पुढची तीस वर्षे तहसीलदार, बीडीओ, पाटबंधाऱ्याचे अभियंते यांच्या बुडाखाली ती राहिली. १९७२च्या दुष्काळात खडीच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर हजेरीला आलेली जीप पाहिलेली माणसे अजून आहेत. त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ झाले आणि जीपगाड्यांची आणखी एक रांग आली. त्या काळच्या पेट्रोल जीपला लिटरला सात-आठ किलोमीटर पडत. पण ते लॉगबुकात लिहिले जाई, खिशातून जात नसे. जीपच्या डिझेल-पेट्रोलपेक्षा तिचा दरारा मोठा, ही समजूत आपल्या मनात तिथून रुजली असे मला वाटते.

१९७३च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि किमती भडकल्या. त्याच नोव्हेंबरात दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीला त्याची बातमी झाली. परभणीत त्या वेळी बहुसंख्य लोक बैलगाडीनेच फिरत होते, निषेध वगैरे काही न करता.

जीपचे आकर्षण केवळ दराऱ्याचे नव्हते. ते रस्त्याखालच्या मातीत होते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर भेगा पाडते. तिच्यावर टाकलेला डांबरी थर दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो, कडा तुटतात, मधे उंचवटा राहतो. कल्याण-निर्मल महामार्ग, म्हणजे आधीचा क्रमांक २२२ आणि आताचा ६१, हा पाथरी, मानवत, परभणीवरून जातो. त्याचीच दशा वर्षानुवर्षे खड्ड्यांची होती, तर आडगावच्या पाणंदीचे काय बोलावे? सखल पोटाची गाडी इथे चाकोरीत टेकते. तेव्हा परभणीत ‘आराम’ म्हणजे मऊ गादी आणि थंड हवा हा अर्थ फार उशिरा आला. आधीचा अर्थ होता न टेकता, न फसता पोहोचणे. बाळंतीण घेऊन निघालेल्या घराला तर दुसरा अर्थ सुचणेही शक्य नव्हते.

आता डिझेल. सरकारच्या किंमत-नियंत्रणात पेट्रोल हे श्रीमंतांचे इंधन धरले होते. ते महाग ठेवायचे आणि ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, शेतीचा पंप यांच्यासाठी डिझेल, तर चुलीसाठी रॉकेल स्वस्त ठेवायचे. हेतू चांगला होता. पण डिझेलची टाकी कुणाच्या पोटात आहे हे नळी विचारत नाही. लोकांनी पेट्रोलच्या ॲम्बॅसेडरमधून मूळ इंजिन काढून मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. गाडी थरथरायची, बोलणे ओरडून करावे लागायचे, तरी मालक खूश. महिंद्रच्या जीपमध्ये पेजो परवान्याचे डिझेल इंजिन आले, बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली, कमांडर आली. आणि १९९४मध्ये टाटा सुमो.

सुमो हे नाव जपानी पैलवानावरून नाही, टाटांच्या मोटार कंपनीचे कर्तेधर्ते सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आहे. तिच्या डिझेल इंजिनाचे आकारमान १९४८ सीसी. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा पाठ करावा लागत नाही! दहा माणसे अधिकृत बसत. अनधिकृत किती, हे वऱ्हाडाच्या उत्साहावर ठरे.

सुमो-ट्रॅक्सच्या काळाकडे मी जरा थांबून पाहतो, कारण माणशी हिशेब तेव्हा पूर्णत्वाला गेला. गावात एखाद्याच घरी अशी गाडी असे. तो घरमालक असे खरा, पण गाडी भावकीची आणि अर्ध्या गावाची असे. औरंगाबादला घाटी दवाखान्यात पेशंट न्यायचा, नांदेडला मुलगी पाहायला जायचे, पंढरपूरला एकादशी गाठायची, तर ‘डिझेल टाकतो, गाडी द्या’ एवढ्यावर काम होई. भाडे घेणे कमीपणाचे, डिझेल घेणे रीतीचे. बसण्याचीही रीत होती. ड्रायव्हरशेजारी मालक किंवा गावचा मानकरी, मधल्या बाकावर म्हातारी माणसे आणि बायका, मागच्या समोरासमोरच्या फळ्यांवर पोरे आणि तरुण. आराम एकाच गाडीत तीन दर्जांचा होता. मागच्या फळीवर गुडघे एकमेकांत अडकवून दोनशे किलोमीटर गेलेल्या माणसाला ‘मोठी गाडी आरामाची’ असे कुणी सांगू नये. डिझेलच्या वर्गणीत मात्र सगळे सारखे.

हाच हिशेब व्यवसायात उतरला आणि काळी-पिवळी झाली. परवान्याने ती ठरल्या ठिकाणापर्यंतच्या भाड्याची, वागणुकीने एसटीच्या टप्प्याटप्प्याची. ‘भरली की निघणार’ हे तिचे वेळापत्रक. एसटीने तिला अवैध वाहतूक म्हटले, आणि कायद्याने ते बरोबरच होते. पण सेलू-पालम-सोनपेठच्या आतल्या गावांना दिवसातून दोनच एसट्या असताना, भरल्याशिवाय न निघणे हाच तिचा परवडण्याचा मंत्र होता. रिकामी सीट म्हणजे सांडलेले डिझेल.

स्वस्त इंधनाची काळी बाजू आमच्याच पुरवठ्याच्या वाटेवर उघडी पडली. मुंबईहून पाइपलाइनने येणारे इंधन मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत उतरते आणि तिथून टँकरने परभणीला येते. अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक. महागाईचे मूळ कारण हेच. वाहतूक किमतीत चढते आणि टक्केवारीतला राज्याचा कर पुन्हा त्या चढलेल्या किमतीवर बसतो. त्या पानेवाडीजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. रॉकेल आणि डिझेल यांच्या दरातल्या फरकाने घेतलेला हा बळी. २०१५मध्ये राज्याने दुष्काळासाठी इंधनावर लिटरला दोन रुपये वाढवले. तो दुष्काळ सोसणारा परभणीकर तो भारही राज्यातल्या सर्वांत महाग पंपांवर भरत होता.

पेट्रोल जून २०१०मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेल नाही. दोहोंतली दरी रुंदावत गेली. मे २०१२च्या दरवाढीनंतर दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे होते. बत्तीस रुपयांचा फरक! डिझेल गाड्यांसाठी झुंबड उडाली. किरीट पारीख समितीने २०१०मध्येच डिझेल मोटारींवर ८० हजार रुपये जादा उत्पादनशुल्क सुचवले होते, ते बसले नाही. २०१३च्या अर्थसंकल्पात मात्र एसयूव्हीवरचे शुल्क २७वरून ३० टक्के झाले. व्याख्या पाहण्यासारखी आहे. लांबी चार मीटरहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून मोठे आणि जमिनीपासून पोटाची उंची १७० मिलिमीटर वा त्याहून अधिक. म्हणजे काळ्या मातीने मागितलेल्या उंचीवरच सरकारने कर बसवला. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाड्या त्यातून वगळल्या, हे योग्य केले. पण भावकीच्या सुमोसाठी त्या कायद्यात रकानाच नव्हता.

जानेवारी २०१३पासून डिझेल दरमहा पन्नास-पन्नास पैशांनी वाढू लागले, ऑक्टोबर २०१४मध्ये तेही मुक्त झाले. जून २०२०मध्ये दिल्लीत चक्क डिझेल पेट्रोलहून महाग झाले. सुमोचे उत्पादन त्याआधीच, २०१९मध्ये थांबले होते.

आता आकडे मांडू. परभणी-औरंगाबाद जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. सुमोला लिटरला दहा धरले तर चाळीस लिटर. डिझेल ४५ रुपये असताना १८०० रुपये. ड्रायव्हर सोडून नऊ माणसे, माणशी २००. आजची मोठी डिझेल गाडी लिटरला चौदा देते असे समजू आणि डिझेल ९३ धरू, तर साधारण २६५० रुपये. नऊ माणसांत माणशी तीनशेच्या आत. एवढ्या वर्षांच्या महागाईत ही वाढ काहीच नव्हे. पण गाडीत बसतात दोघे, कारण आता भावकीत प्रत्येकाच्या दारात गाडी किंवा निदान मोटारसायकल आहे आणि ‘डिझेल टाकतो’ म्हणायला लोक लाजतात. माणशी १३२५.

छोट्या पेट्रोल गाडीला याच फेरीत, लिटरला अठरा आणि १०७ रुपये धरून, २३८० रुपयांच्या आसपास लागतील. म्हणजे मोठ्या गाडीचा जादा इंधनखर्च चारशे किलोमीटरला २७० रुपये. एवढ्या पैशात पाठ सुखरूप राहत असेल तर कोण नको म्हणेल? माझे मत असे की, इंधनाच्या नावाने होणारी सध्याची हळहळ बरीचशी चुकीच्या जागी आहे. दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरक लाखांचा आहे आणि तो पंपावर दिसत नाही, सोयाबीनची पट्टी हाती आल्यावर हप्त्यात दिसतो. बैल उभ्यानेच खातो आहे.

महामार्ग आता बराच सिमेंटचा झाला आहे, त्यावर छोटी गाडीही टेकत नाही. आतल्या गावांच्या रस्त्यांना मात्र काळी माती तीच आहे. पंपावर उभे राहिले की बदल कानांना कळतो. सुमोवाला सगळ्यांची वर्गणी मुठीत धरून ‘टाकी फुल्ल’ म्हणायचा. आज दोन माणसे बसलेल्या उंच, चकचकीत गाडीची काच खाली येते आणि आतून आवाज येतो, ‘पाचशेचं टाक.’