मदतीचा हात आणि प्रक्षिप्त पाठ

जुना पत्रव्यवहार वाचणे हा साहित्याच्या अभ्यासकाचा नित्याचा उद्योग. त्याच सवयीने आम्ही मध्यंतरी एक निराळाच पत्रव्यवहार वाचला. तो आहे 'एक्सझेड युटिल्स' या मुक्तस्रोत आज्ञावलीविषयीचा. संगणकावरील फाइली आवळून लहान करणे, हे तिचे काम. जगभरातील असंख्य लिनक्स सर्व्हरवर ती असते. आणि तिची देखभाल फिनलंडमधील लासे कॉलिन हे गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला करीत होते.

२०२१ च्या अखेरीस 'जिया टॅन' या नावाने लहानसहान दुरुस्त्या येऊ लागल्या. त्या कामाच्या होत्या. २०२२ च्या मध्यास 'जिगर कुमार' (नाव आपल्याकडचे वाटावे असे!) आणि 'डेनिस एन्स' या नावांची पत्रे आली. दुरुस्त्या रखडतात, नवी आवृत्ती निघत नाही, झेपत नसेल तर सूत्रे दुसऱ्याच्या हाती द्यावीत, असा त्यांचा सूर. कॉलिन यांनी उत्तर दिले: आस्था संपलेली नाही, परंतु दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे शक्ती मर्यादित आहे, हे काम छंद म्हणून, विनावेतन चालते, जिया टॅन यांच्याकडे पुढे अधिक जबाबदारी जाऊ शकेल.

साऱ्या प्रकरणात आम्हांला सर्वाधिक अस्वस्थ करते ते हे पत्र. थकलेल्या माणसाने आपला थकवा प्रांजळपणे सांगितला आणि नेमके तेथूनच दार उघडले. तक्रार करणारी ती नावे बनावट असावीत, असे आज मानले जाते. त्या वेळी कोणास शंका आली नाही, कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी कुरकुर करणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांची भाषाही हुबेहूब अशीच असते. सोंग वठले ते आपल्या सर्वांच्या सवयीच्या आधाराने.

२०२३ पासून नव्या आवृत्त्याही जिया टॅन या नावाने निघू लागल्या. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेल्या ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा होता. त्याचा घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला. त्याला जागे करणारा मजकूर मात्र सर्वांना खुल्या असलेल्या मूळ संहितेत नव्हताच, तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या प्रतीत होता. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. भांडारकर संस्थेतील पंडितांनी १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची हस्तलिखिते ताडून प्रक्षिप्त भाग वेगळा काढला. येथे मूळ संहिता आणि वितरित प्रत ताडून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

उलगडा झाला तो आडवाटेने. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड निराळ्याच चाचण्या घेत असता त्यांना दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. दुसरा कोणी असता तर सोडून देता. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जाहीर केले. दूषित आवृत्ती तोवर डेबियन, फेडोरा आदींच्या चाचणीच्या शाखांपर्यंतच पोहोचली होती. स्थिर आवृत्त्या बचावल्या.

त्यानंतर या आज्ञावलीविषयी पुष्कळ लिहिले गेले. साफसफाईचे काम मात्र पुन्हा कॉलिन यांच्याच वाट्याला आले. चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती त्यांनी मे २०२४ अखेरीस प्रसिद्ध केली.