‘शिकाऊ कॅमेरा’ : एका कल्पनेचा इतिहास

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकाला एक प्रश्न विचारला. बोलीसर्वेक्षणाच्या कामाबरोबर ती छायाचित्रणाचा एक पदविका अभ्यासक्रमही करते, आणि तेथील शिक्षकांचा आग्रह असा, की आरंभीचे धडे फिल्मवर गिरवावेत. हाती पैसा थोडा. तेव्हा स्वस्तातला, नवशिक्याला योग्य असा कोणता कॅमेरा घ्यावा, एवढेच तिला हवे होते. प्रश्न व्यवहारातला होता व त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले असते. परंतु उत्तर शोधू लागल्यावर ध्यानात आले, की ‘नवशिक्याचा कॅमेरा’ ही कल्पनाच एकजिनसी नाही. तिच्यात दोन परस्परविरोधी परंपरा मिसळल्या असून, त्या वेगळ्या केल्याखेरीज निवड करताच येत नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडे. मराठीत धातूला -आऊ हा प्रत्यय लागून होणारी विशेषणे विशेष्याशी निरनिराळ्या नात्याने जोडली जातात. ‘टिकाऊ’ वस्तू स्वतः टिकते, म्हणजे ती कर्ता होय. ‘विकाऊ’ वस्तू विकली जाते, म्हणजे ती कर्म होय. ‘शिकाऊ’ हे विशेषण एरवी माणसाला लागते व तेथे ते कर्तृवाचक असते. मात्र ‘शिकाऊ परवाना’ म्हटले, की परवाना शिकत नाही. शिकणाऱ्यासाठी तो असतो. ‘शिकाऊ कॅमेरा’ याच तिसऱ्या वर्गातला. परंतु शिकणाऱ्यासाठी म्हणजे नेमके कशासाठी? त्याला शिकावे लागू नये म्हणून, की त्याला शिकता यावे म्हणून? साऱ्या इतिहासाचा कलह या दोन अर्थांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा कलह संभवतच नव्हता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हिंदी सभासदही तिला लाभले. लवकरच एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला व हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून तयार झाले. त्या काळी नवशिका आणि तज्ज्ञ यांची साधने एकच होती. काच स्वतः लेपावी, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी, आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या जागी रसायनांनी उजळावी. ज्याला हे येई तो छायाचित्रकार, ज्याला येत नसे तो नव्हे. नवशिक्यासाठी वेगळे यंत्र करावे ही कल्पना कोणाला सुचण्याचे कारण नव्हते, कारण कौशल्य यंत्रात नसून हातात होते.

हे चित्र १८८८ मध्ये बदलले. रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन यांनी त्या वर्षी ‘कोडक’ नावाचा कॅमेरा २५ डॉलरला विक्रीस आणला. त्यात १०० चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की कॅमेराच्या कॅमेरा दहा डॉलरसह कारखान्यात पाठवावयाचा. तेथे फिल्म धुऊन, छापून, नवी भरून तो परत येई. (‘कोडक’ हा शब्द ईस्टमन यांनी मुद्दाम निरर्थक बनविला होता. त्यांना क हे अक्षर प्रिय होते. व्युत्पत्ती नसलेला शब्द इतका रूढ व्हावा, ही भाषाभ्यासकांनी नम्र होण्यासारखी गोष्ट आहे.) ग्राहकाने कळ दाबावी, उरलेले काम कंपनी पाहील, असे त्या व्यवहाराचे स्वरूप होते. छायाचित्र घेणे आणि छायाचित्र घडविणे या दोन क्रियांची फारकत प्रथमच इतक्या स्पष्टपणे झाली.

तथापि पंचवीस डॉलर ही तेव्हा लहान रक्कम नव्हे. खऱ्या अर्थाने स्वस्त कॅमेरा आला तो फेब्रुवारी १९०० मध्ये. फ्रँक ब्राउनेल यांनी बांधलेला ‘ब्राउनी’ हा पुठ्ठ्याचा पेटीवजा कॅमेरा एक डॉलरला मिळू लागला. त्याचे नाव पामर कॉक्स यांच्या बालकथांतील खोडकर बुटक्यांवरून घेतलेले. गिऱ्हाईक कोण अपेक्षित होते हे त्यावरूनच कळते. भिंग साधे व स्थिर. शटरचा वेग एकच. सहा चित्रांच्या फिल्मला १५ सेंट पडत.

येथे एक लहानसे गणित करून पाहण्यासारखे आहे. पंधरा सेंटची फिल्म सातव्यांदा विकत घेतली, की फिल्मवरचा खर्च एक डॉलर पाच सेंट होतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीला ओलांडून जातो. धुलाई व छपाई यांचा हिशेब निराळाच. तेव्हा ‘स्वस्त कॅमेरा’ ही वस्तुतः फिल्म विकण्याची युक्ती होती. ईस्टमन यांचा नफा पेटीत नसून पेटीत जे घालावे लागे त्यात होता. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण सामान्य कुटुंबाच्या घरात छायाचित्र पोहोचले ते याच युक्तीमुळे. पण नवशिक्याला लागणारा खर्च कॅमेऱ्यावर छापलेला नसतो, ही गोष्ट १९०० पासून आजतागायत खरी आहे, आणि कॅमेरा निवडू पाहणारा विद्यार्थी तीच प्रथम विसरतो.

ब्राउनीच्या वंशातला एक कॅमेरा महाराष्ट्रातील अनेक घरांनी पाहिला आहे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने आग्फाच्या नावाने बनविलेला ‘क्लिक थ्री’ हा तो कॅमेरा. १९६० नंतरच्या दशकांत आयातीवर कडक निर्बंध असताना तो येथल्या मध्यमवर्गाला परवडे. १२० क्रमांकाच्या फिल्मवर सहा सेंटिमीटर चौरसाची बारा चित्रे येत. भिंगापाशी ऊन आणि ढग अशा खुणा असत, आणि त्यांपैकी एक निवडली की वापरणाऱ्याचे निर्णय संपले. देशी फिल्मही याच काळात मिळू लागली. उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले, आणि ‘इंदू’ या नावाची कृष्णधवल फिल्म बाजारात आली. पुढे तो कारखाना बंद पडला.

प्रस्तुत लेखकाच्या मामांकडे असा एक ‘क्लिक थ्री’ होता. बारा चित्रांचा एक रोल एका मुंजीपासून पुढच्या गणपतीपर्यंत पुरवावयाचा, असा त्यांचा नेम. कळ दाबण्यापूर्वी ते सर्वांना इतका वेळ उभे करीत, की मुले कंटाळून रडू लागत. त्या कॅमेऱ्याने मामांना छिद्र व शटर यांविषयी काही शिकविले नाही. काटकसर मात्र शिकविली, आणि काटकसरीने पाहणे हीही एक विद्याच आहे. म्हणून या पहिल्या परंपरेला सर्वस्वी अज्ञानाची परंपरा म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या परंपरेचा उगम श्रीमंतांच्या कॅमेऱ्यात आहे. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी चलच्चित्राची ३५ मिलिमीटर फिल्म स्थिरचित्रांसाठी वापरून घडविलेला ‘लायका’ १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत मांडला गेला. लहान निगेटिव्हपासून मोठे चित्र काढण्याची ही रीत फिल्म वाचविणारी होती, पण कॅमेरा महाग. १९३४ मध्ये कोडकने याच फिल्मची, उजेडात भरता येईल अशी तयार डबी काढली. १९३६ मध्ये अमेरिकेत ॲन आर्बर येथील एका रेडिओ बनविणाऱ्या कंपनीने रेडिओच्या पेटीला वापरतात त्याच बेकेलाइटचा ‘आर्गस’ साडेबारा डॉलरला विकावयास आणला. छिद्र आणि शटरवेग ही दोन्ही ज्यात हाताने ठरवावी लागतात असा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा सामान्य पगारदाराच्या आटोक्यात आला तो तेव्हा.

जे दिसते तेच चित्रात येईल अशी, भिंगातूनच पाहण्याची सोय पुढे जपानी कारखान्यांनी स्वस्त केली. असाही कंपनीचा ‘असाहीफ्लेक्स’ १९५२ चा, ‘पेंटॅक्स’ १९५७ चा, आणि भिंगातून आत आलेला प्रकाश मोजणारा ‘स्पॉटमॅटिक’ १९६४ चा. सोव्हिएत संघातील क्रास्नोगोर्स्कचा ‘झेनिट-ई’ हा याच घराण्यातला गरीब भाऊ. त्याच्या प्रकाशमापकाला विजेचा घट लागत नसे. शटरचे आकडे मात्र सेकंदाच्या तिसाव्या भागापासून पाचशेव्या भागापर्यंतच. तो लक्षावधींनी खपला.

१९७६ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी कॅननचा ‘एई-१’ आला; त्यात सूक्ष्मप्रक्रियक बसविलेला होता व छिद्र किती ठेवावे हे तो आपण ठरवी. त्याच वर्षी पेंटॅक्सने ‘के १०००’ आणला, आणि तो जणू उलट्या दिशेने चाललेला होता. आधीच्या ‘के-एम’ या कॅमेऱ्यातून काही सोयी काढून टाकून तो स्वस्त केला होता. आपोआप कळ दाबणारी योजना नाही. चित्रात कोठपासून कोठपर्यंत स्पष्ट येईल हे आधी पाहण्याची सोय नाही. प्रकाशमापक बंद करण्याचा खटकासुद्धा नाही. भिंगावर झाकण घालणे हाच तो बंद करण्याचा उपाय. उरले ते केवळ तीन निर्णय : छिद्र, शटरवेग आणि केंद्रीकरण. घट संपला तरी मापकाची सुई तेवढी निजे. शटर एका सेकंदापासून हजाराव्या भागापर्यंत पूर्वीप्रमाणेच चाले.

हा कॅमेरा अध्यापनासाठी योजलेला होता असे मानण्याचे कारण नाही. योजला होता तो स्वस्त विकण्यासाठी. पण स्वस्ताईसाठी जे जे गाळले ते ते शिकण्याच्या आड येणारे निघाले, आणि अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या छायाचित्रण वर्गांनी त्याला आपले मानले. इतर कॅमेरे पुढे गेले. हा मागे राहिला, आणि मागे राहिल्यामुळेच टिकला. उत्पादन जपानातून हाँगकाँगला, तेथून चीनमध्ये गेले व १९९७ पर्यंत चालले. ‘शिकाऊ’ आणि ‘टिकाऊ’ ही दोन्ही विशेषणे एकाच यंत्राला लागू पडावीत, असे क्वचित घडते.

त्यानंतर जे झाले ते शब्दार्थविचारात आपण नित्य पाहतो तसेच आहे. नाव वस्तूपासून सुटले आणि स्वतंत्रपणे मूल्य मिळवू लागले. ‘के १०००’ म्हणजे विद्यार्थ्यांचा कॅमेरा, ही कीर्ती इतकी पसरली, की फिल्मकडे तरुण पिढी पुन्हा वळल्यावर प्रत्येक नवशिका तोच मागू लागला. नवे उत्पादन नाही, मागणी वाढती. परिणामी विद्यार्थ्यांचा म्हणून प्रसिद्ध झालेला कॅमेरा विद्यार्थ्यांनाच महाग पडू लागला. विशेषण उरले, ज्या गुणामुळे ते लागले तो स्वस्तपणा गेला.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आम्ही सांगितले ते असे. कीर्तीला पैसे देऊ नयेत. तेच तीन निर्णय हाती ठेवणारा, कमी नावाजलेला कॅमेरा पाहावा. रिकोचा ‘केआर-५’ घ्या : शटरवेग थोडे, सेकंदाच्या आठव्या भागापासून पाचशेव्यापर्यंत, पण पेंटॅक्सची के-बैठकीची भिंगे त्यावर बसतात. मिनोल्टाचा १९६६ चा ‘एसआरटी-१०१’ बांधणीने याहून सरस आहे. अडचण एवढीच, की त्याचा मापक ज्या पाऱ्याच्या घटावर चाले ते घट आता मिळत नाहीत आणि नव्या घटांचा दाब निराळा असल्यामुळे मापन चुकते. पण मापकावाचून फारसे अडत नाही. लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि फिल्मची संवेदनशीलता १०० असेल तर शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर. हा जुना नियम पाठ असला की पुष्कळ काम भागते. किंबहुना मापक नादुरुस्त म्हणून स्वस्तात मिळणारा, पण शटर निर्दोष असलेला कॅमेरा हा विद्यार्थ्याचा खरा लाभ होय.

शटर कसे पारखावे? मागचे झाकण उघडून, फिल्म न घालता, सर्वांत मंद वेगापासून एकेक वेग चढत जावे. कानाला फरक कळला पाहिजे. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटत असेल तर उजेड आत शिरणार हे निश्चित समजावे. दुरुस्ती मात्र सोपी आहे. आणि भिंग दिव्यासमोर धरून आरपार पाहावे. आपल्याकडे, विशेषतः कोकणपट्टीत, चार महिने कपाटात राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती काचेवरचा लेप खाऊन टाकते. या दोषाचा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

एवढे सांगितल्यावर तिने विचारले, की आजही फिल्मचा नवा कॅमेरा निघतो, तोच का घेऊ नये? प्रश्न बिनतोड होता. जून २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा कॅमेरा सुमारे ५०० डॉलरला बाजारात आला. त्यात एका चौकटीच्या जागी दोन उभी चित्रे येतात, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२. फिल्मचा खर्च निम्मा होतो. ब्राउनीपासून चालत आलेल्या प्रश्नाला दिलेले हे प्रामाणिक उत्तर आहे. फिल्म पुढे ओढण्याची तरफ आहे, अंतराच्या खुणाही हाताने ठरवाव्या लागतात. परंतु छिद्र आणि शटरवेग यंत्रच ठरविते. ‘के १०००’ ज्या घराण्यातला, त्याच घराण्याने तब्बल दोन दशकांनंतर काढलेला हा कॅमेरा वृत्तीने ‘क्लिक थ्री’च्या जवळ जातो. छंदासाठी तो चांगला असेल. तिच्या वर्गासाठी नव्हे.

तिने शेवटी मापक बिघडलेला एक ‘केआर-५’ घेतला. पहिला रोल धुऊन आला तेव्हा छत्तीसपैकी अकरा चित्रे अगदी काळी आणि चार कोरी होती. प्रत्येक चित्राच्या वेळचे छिद्र व वेग तिने वहीत टिपून ठेवले होते. बोलीसर्वेक्षणात नांगराच्या भागांची नावे गावागणिक नोंदविण्याची जी पद्धत आम्ही शिकवितो, तीच तिने येथे वापरली होती. त्या वहीवरून पंधरापैकी तेरा चुकांचे कारण आम्हांला सापडले. दोहोंचे अद्याप सापडलेले नाही.