कर्जाची वही कोणाच्या हातीं?

१८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. कागद जळले, पण पेरणीला पैसा लागावयाचाच, आणि सावकारावांचून तो देणार कोण? १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानें गांवाला स्वतःची पेढी काढण्याची वाट मोकळी झाली. त्याच वाटेनें १९२३ मध्यें प्रवरेच्या खोऱ्यांतील लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटलांनीं पतपेढी स्थापिली; पुढें अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्यानें १९५० मध्यें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वही गांवाच्या हातीं आली. मात्र भागधारक झाला तो ऊंसवाला. भूमिहीन मजूर बाहेरच राहिला. गांवाचें दारिद्र्य किती हटलें, हें त्याच्या घरीं जाऊनच मोजावें.